परक्या किनाऱ्यावरची माणसे

२५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून रोहिंग्या मुस्लिमांचे लोंढे बांगलादेशात येऊ लागले. लष्कराच्या कारवाईत गावेच्या गावे जळाली आणि काही महिन्यांतच सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून आली. त्यांचे हाल टिपणाऱ्यांत रॉयटर्स वृत्तसंस्थेचे भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दीकी होते.

सिद्दीकी जामिया मिलिया इस्लामियाचे विद्यार्थी. आधी दूरचित्रवाणीचे वार्ताहर, मग २०१० मध्ये रॉयटर्समध्ये छायाचित्रकार. मुंबईतही त्यांनी काम केले. तिथल्या मराठा मंदिर चित्रपटगृहात वर्षानुवर्षे चाललेल्या सिनेमाचे प्रेक्षक त्यांनी टिपले आहेत. घटनास्थळी जाऊ न शकणाऱ्या सामान्य माणसासाठी आपण छायाचित्रे काढतो, असे ते सांगत.

११ सप्टेंबर २०१७ रोजी शाह पोरीर द्वीप येथे काढलेले त्यांचे छायाचित्र जगभर गेले. बंगालचा उपसागर पार करून आलेली, थकून गेलेली एक स्त्री ओल्या किनाऱ्यावर वाकून हाताने जमिनीला स्पर्श करते आहे. मागे नाव लागलेली आहे, माणसे आपले किडूकमिडूक उतरवून घेत आहेत. चित्रात रक्त नाही, मारहाण नाही. मुंबईजवळच्या चौक-उत्तनच्या कोळीवाड्यांत होडी किनाऱ्याला लागते तेव्हा माणूस घरी पोचलेला असतो. इथे जीव वाचला, पण घर पलीकडेच राहिले. दोन्ही गोष्टी त्या एका हातात दिसतात, म्हणून हे चित्र मोठे.

निर्वासितांचे चित्रण हे जोखमीचे काम. चेहरा आणि नाव उघड झाले तर मागे राहिलेल्या नातलगांच्या जिवावर बेतू शकते. चेहरेच टाळले तर माणसांची नुसती गर्दी उरते. अशा वेळी चित्राखालची तारीख आणि ठिकाण फार मोलाचे. त्यांच्यामुळेच छायाचित्राला पुराव्याचे बळ येते.

महाराष्ट्रालाही परदेशी निर्वासित नवे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेली पोलिश कुटुंबे, मुख्यतः बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिली.

रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी २०१८ चे पुलित्झर पारितोषिक रॉयटर्सच्या छायाचित्रकारांना मिळाले. त्यांत सिद्दीकी आणि अदनान अबिदी हे भारतीय होते. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक येथे वार्तांकन करताना सिद्दीकी मारले गेले. त्यांनी टिपलेल्या लोंढ्यातील बहुसंख्य माणसे मात्र अजूनही बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांतच आहेत.