हातपंप आणि सार्वजनिक धोरण

१९७०च्या सुमारास भारतातील कठीण खडकांत विंधनविहिरी झपाट्याने खोदल्या जात होत्या. परंतु त्यांवरील बिडाचे हातपंप लवकरच निकामी होत. एका कुटुंबापुरत्या योजलेल्या यंत्रावर अख्खे गाव पाणी भरीत असे. सोलापूरच्या पोलादी पंपाने या दोषावर मार्ग दाखविला. त्यातूनच युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क २’ साकारला. त्याच्या आराखड्यावर कोणाची मक्तेदारी ठेवली नाही. मात्र प्रमाणित मापे व कारखान्यातील तपासणी यांचा आग्रह धरला गेला. तथापि वंगणावाचून साखळी गंजते, वॉशर झिजतात. पंप बंद पडला की गावातील स्त्रिया पुन्हा जुन्या डबक्याकडे वळतात आणि विहिरीवरील खर्चही वाया जातो. म्हणून अभियंत्याचे मागणे एवढेच की, अंदाजपत्रकात पंपाच्या किमतीशेजारी त्याच्या दुरुस्तीची रक्कमही मांडली जावी.