शटडाऊनला आलेला माणूस



तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम. इथल्या रासायनिक कारखान्यांत शटडाऊन लागलं, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद झाला, की गेटवर पाससाठी रांग लागते. त्या रांगेत फिटर, वेल्डर असतात, तसे इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअरही असतात. पगार ठेकेदाराकडून, नोकरी काम संपेपर्यंत.

टाकीवरचा ट्रान्समीटर पातळी मोजतो आणि 4 ते 20 मिलिअँपिअर करंटच्या रूपात कंट्रोल रूमला कळवतो. टाकी रिकामी असली तरी 4 मिलिअँपिअर वाहत असतात. करंटच आला नाही, तर वायर तुटली हे लगेच कळावं म्हणून. ट्रान्समीटर ते कंट्रोल रूम या जोडणीला लूप म्हणतात. लूप चेकिंगमध्ये एकजण प्लँटमध्ये उभा राहून करंट देतो, दुसरा पडद्यावर आकडा वाचतो. 4, 8, 12, 16, 20 आणि पुन्हा उलट. एकेका प्लँटमध्ये असे शेकडो लूप. काम कंटाळवाणं, पण ऑपरेटरला टाकीच्या आतलं दिसत नसतं, हा आकडाच दिसतो.

तो आकडा चुकला तर काय होतं, ते 23 मार्च 2005 ला दिसलं. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत शटडाऊननंतर एक टॉवर सुरू होत होता. तो काठोकाठ भरत चालला, आणि ट्रान्समीटर मात्र पातळी उतरते आहे असं सांगत राहिला. त्याचं कॅलिब्रेशन चुकीच्या घनतेवर झालेलं. वरच्या पातळीचे दोन अलार्म होते, त्यांतला एक वाजलाच नाही. टॉवर ओसंडून झालेल्या स्फोटात 15 जण गेले. ते सगळे कंत्राटी होते.

कंत्राटावर माणसं घेणं मुळात वाईट, असं मी म्हणणार नाही. दहा प्लँट पाहिलेला इंजिनिअर एकाच प्लँटमधल्या माणसाला न दिसणारी गोष्ट हेरतो. वाईट आहे ते त्याला प्लँट सुरू होण्याआधीच निरोप देणं. कुठला इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी व्यवस्था) बायपास केला, कुठल्या ट्रान्समीटरची रेंज बदलली, कुठली केबल दुसऱ्या टर्मिनलवर घेतली, हे त्याच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबरच गेटबाहेर जातं. मग रात्रपाळीचा ऑपरेटर त्याचा फोन नंबर शोधत बसतो.

म्हणून कारखान्यांच्या व्यवस्थापनाला माझी विनंती आहे : प्लँट स्थिर चालेपर्यंत या कंत्राटी इंजिनिअरला थांबवून घ्या आणि त्या दिवसांचा मोबदला ठेक्यातच धरा. प्रत्येक बायपासची लेखी नोंद तुमच्या माणसाने समोर उभं राहून घ्यावी. आणि ठेक्यावर काम करणाऱ्या तरुण मित्रांनो, वरून कितीही घाई होवो, स्वतः न तपासलेल्या लूपच्या कागदावर सही करू नका.