बिदरीचा कारखाना आणि आपला कॅमेरा

(विद्यार्थ्यांच्या छायाचित्र-प्रदर्शनाच्या उद्‌घाटनप्रसंगी केलेले भाषण)



१९५६ सालापर्यंत आपले उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. तेव्हा बीदरला जाणे म्हणजे काही परमुलखात जाणे नव्हे. गतवर्षी काही मुलांना घेऊन आम्ही तेथील बिदरीचा एक कारखाना पाहिला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली आणि जमिनीवर बसून काम करणारी पाच-सहा माणसे. शंभरावर फोटो काढले. घरी येऊन पाहतो तो बहुतेक सारे वाया गेलेले! का, ते सांगतो; म्हणजे तुम्ही जाल तेव्हा फसणार नाही.

बिदरीचे भांडे काळेभोर आणि त्यावरील चांदी पांढरीशुभ्र. समोर काळे अधिक दिसले की कॅमेरा आपणहून प्रकाश वाढवतो. मग काळ्याचे राखी होते, आणि तारेच्या नाजूक वेलीऐवजी पांढरा डाग उरतो. म्हणून प्रकाश थोडा कमी करून घ्या. मोबाइल असेल तर पडद्यावर चांदीच्याच जागी बोट टेकवा. फ्लॅश मुळीच नको. भांडे दाराशी तिरप्या उजेडात ठेवा आणि दुसऱ्या बाजूस पांढरा कागद धरा. मात्र तुमचा सदराही त्या चांदीत उमटतो, हे विसरू नका. आमच्या एका फोटोत अख्खे मास्तर उमटले आहेत.

परंतु ही झाली किरकोळ चूक. आम्ही फोटोंचा क्रमही चुकवला. काळ्या भांड्यावर नक्षी रेखाटणाऱ्या उस्तादांचा फोटो ‘शेवटची पायरी’ म्हणून लावला. वस्तुतः ती आरंभाची पायरी! जस्तात थोडे तांबे, साधारण सोळा भागांस एक, मिसळून भांडे ओततात. साच्याच्या मातीत एरंडेल आणि राळ असते. कानशीने घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात. त्याने येणारा काळेपणा तात्पुरता असतो. फळ्यावर खडूची रेघ उठून दिसावी, तशी पोलादी टोकाने काढलेली नक्षी दिसावी, एवढ्यापुरताच. ही नक्षी हातानेच काढतात. मग छिन्नीने रेघा खोल कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्र्याचे तुकडे ठोकून बसवतात. पुन्हा घासले की तो काळेपणा निघून जातो. आता जस्त कोठे आणि चांदी कोठे, हे चटकन ओळखू येत नाही. मित्रहो, हा क्षण अवश्य टिपा; सहसा कोणी टिपत नाही. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळतात. या मातीची पारख उस्ताद जिभेवर ठेवून करतात! भांडे किंचित तापवून त्या पाण्यात घातले की जस्ताचा भाग कायमचा काळा पडतो, चांदी तशीच राहते. मग तेलाचा हात फिरवला की झाले.

आता माणसांविषयी. आम्ही उस्तादांना हातोडी खाली ठेवायला लावली, हातात तयार फुलदाणी दिली आणि ‘इकडे पाहा’ म्हटले. जणू लग्नातला फोटो! तुम्ही तसे करू नका. परवानगी घ्या, त्यांच्याइतकेच खाली जमिनीवर बसा आणि काम चालू द्या. माती उकळत असताना तर कोणाला हाकही मारू नका.

पुढे मी फोटोची एक प्रत उस्तादांना नेऊन दिली. खाली आम्ही छापले होते : ‘बिदरी फुलदाणी, बीदर’. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “फूलदान का नाम लिखे, शहर का नाम लिखे. बनाने वाले का नाम किधर है, मास्टरसाब?” मला उत्तर देता आले नाही. २०२३ साली बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट. पण एका भांड्याला ओतणारा, कोरणारा, चांदी बसवणारा असे अनेक हात लागतात, आणि आम्ही तर समोर बसलेल्या एकालाही नाव विचारले नव्हते.

मुले पुन्हा बीदरला जाऊन आली. आज आत प्रत्येक फोटोखाली त्या त्या कारागिराचे नाव आणि काम लिहिलेले आहे. डाव्या भिंतीवरील दोन चौकटी मात्र कोऱ्या दिसतील. चांदी बसवणाऱ्या दोघी भगिनींनी सांगितले होते, हात छापा, नाव नको.