आरशासमोरची लबाडी

वर्षभराच्या बाळाच्या नाकावर, त्याला कळू न देता, लाल ठिपका लावा आणि आरशासमोर धरा. ते काचेतल्या बाळाकडे बघून हसेल, थापट्या मारेल. दीड-दोन वर्षांच्या बहुतेक मुलांचा हात मात्र थेट स्वतःच्या नाकाकडे जातो. मानसशास्त्रज्ञ बेउला अ‍ॅम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी. लाजणं, ओशाळणंही साधारण याच वयात दिसू लागतं, हे विशेष!

पुढे हाच ओळखीचा चेहरा आपल्याला आवरतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डीनर आणि वॉलबॉम या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना अक्षरं जुळवायची कोडी दिली. ‘घंटा झाली की थांबा,’ असं बजावून खोलीत एकटं सोडलं. घंटेनंतरही ७१ टक्के जणांची पेन्सिल चालूच! दुसऱ्या गटासमोर आरसा होता, शिवाय कानावर स्वतःचाच मुद्रित आवाज. तिथे लबाडी केली अवघ्या ७ टक्क्यांनी. प्रयोग लहान होता; आकडे फार कवटाळू नयेत.

पण १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हॅलोविनच्या रात्रीच्या प्रयोगातही तसंच दिसलं. सोंगं घेऊन दारोदार फिरणाऱ्या मुलांना ‘एकच गोळी घे’ असं सांगून घरची बाई आत जायची. भांड्यामागे आरसा ठेवला, तेव्हा जास्तीच्या गोळ्या कमी उचलल्या गेल्या. मात्र आरशाचा खरा वचक बसला तो आधी नाव-पत्ता विचारलेल्या मुलांवर. सोंगाआड निनावी राहिलेल्यांना आरशाचं विशेष काही वाटलं नाही.