माप सर्वांना सारखे

(परभणी जिल्ह्यातील पिंगळी येथे शालेय विद्यार्थ्यांपुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा गोषवारा)



तुमच्यापैकी काही जण यंत्रमानवांच्या स्पर्धेत उतरणार आहेत, हे ऐकून आनंद झाला. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्र कसे बनवावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. वृत्तांत लिहिण्याच्या निमित्ताने अशा स्पर्धा मात्र जवळून पाहिल्या आहेत.

हा खेळ आपल्याला परका राहिलेला नाही. आशिया-पॅसिफिक देशांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. २००८ मध्ये ती पुण्यात भरली, तेव्हा तिचा विषयच ‘गोविंदा’ म्हणजे आपली दहीहंडी होता! प्रेक्षकांना दिसतो तो असा रंगलेला खेळ. त्यापूर्वी पडद्याआड एक परीक्षा होते, ती यंत्राच्या तपासणीची. आज मला तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

शालेय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ‘फर्स्ट टेक चॅलेंज’चे उदाहरण घ्या. सामना सुरू होताना यंत्रमानव लांबी, रुंदी व उंचीने प्रत्येकी १८ इंचांत, म्हणजे ४५.७२ सेंटिमीटरमध्ये, मावला पाहिजे. त्यासाठी मापाचे खोकेच ठेवलेले असते. शक्ती १२ व्होल्टच्या एकाच मान्यताप्राप्त बॅटरीची हवी. मुख्य बटण चटकन हाती लागेल असे हवे. कोठे धारदार कड नको. तपासणीनंतर यंत्रात महत्त्वाचा फेरफार केला, तर तपासणी पुन्हा करून घ्यावी लागते.

एका स्पर्धेत लहानशा गावाहून आलेल्या चमूचे यंत्र त्या खोक्यात अडले. एक पट्टी बोटभर बाहेर राहत होती. मुले रात्रभर प्रवास करून आली होती. मला राहवले नाही. परीक्षकांकडे रदबदली करावी म्हणून मी पुढे झालो. चमूतील मुलगी हळूच म्हणाली, “सर, तुम्ही काही बोलू नका. कोणाचा पाना मिळतो का, तेवढं बघा.” पाना मिळाला, पट्टी मागे सरकली, यंत्र खोक्यात बसले. तो सामना ती मुले हरली. परंतु त्यांच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता. त्या दिवशी मी मात्र वरमलो.

मोंढ्यात माल नेणाऱ्या शेतकऱ्याला मापाचे महत्त्व सांगावे लागत नाही. काटा खरा असेल, तरच घामाला मोल. एकदा तो कोणासाठी दयेने झुकू लागला, की उद्या वशिल्यानेही झुकेल. आणि त्या दिवशी पहिला तोटा वशिला नसलेल्याचाच होईल. मापाचे खोके तुमचे गाव विचारीत नाही, शाळेची इमारत पाहत नाही. मोठ्या शहरातील महागडे यंत्र आणि पिंगळीच्या मुलांचे यंत्र यांना ते एकाच मापाने मोजते. म्हणून तपासणीला भिऊ नका. ती तुमच्याच बाजूची आहे.

मात्र तिथवर तयारीने जा. नियम दरवर्षी बदलतात. म्हणून चालू वर्षाचीच नियमावली वाचा. तपासणीची यादी आधीच मिळते. ती हाती घेऊन एका मुलाने परीक्षक व्हावे व मित्राची भीड न धरता प्रत्येक बाब पाहावी. पुठ्ठ्याचे नेमक्या मापाचे खोके येथेच तयार करा. यंत्र त्यात दाबून नव्हे, सहज बसले पाहिजे. लोंबणारी तारही मापात धरली जाते, हे विसरू नका. प्रवासात स्क्रू सैल होतात, म्हणून पोहोचल्यावर पुन्हा मोजा. आणि सोबत स्वतःचा पाना असू द्या!

येथे सापडलेली चूक दुरुस्त करण्यास संध्याकाळ पुरते. तेथे सापडलेली चूक वर्षाची मेहनत पणाला लावते. यश मिळेल न मिळेल; पण आपले यंत्र मापात उतरले, हे समाधान पिंगळीहून निघतानाच तुमच्या गाठी असावे, ही शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.