घरचा संगणक आणि बाहेरची हार्ड डिस्क



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत थोर विषय झाले. आमच्या वाट्याला आली आहे संगणकाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क! आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण मागावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. ठेच लागलेल्याने रस्ता सांगावा, एवढाच आमचा अधिकार.

ठेच अशी. यंत्रमाग कामगारांची जुनी हजेरीपत्रके आणि पगारचिठ्ठ्या यांचे फोटो आम्ही संगणकात ठेवले होते. मूळ कागद पुढे पावसाने खाल्ले. संगणकात जागा पुरेना, म्हणून बाहेरची डिस्क आणली, सगळे तिच्यावर हलवले आणि संगणकातून पुसून टाकले. एके संध्याकाळी कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि चालू डिस्क टेबलावरून खाली आली. दोनचार वेळा टकटक वाजली. पुन्हा उघडली नाही. नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीसाठी नोकरीचा पुरावा मागायला आलेल्या एका मावशींना आम्ही रिकाम्या हाताने परत लावले. हे सांगताना आजही जीभ जड होते.

त्या डिस्कला आम्ही ‘बॅकअप’ म्हणत होतो! अहो, वस्तू एकाच जागी असली तर तिची प्रत कुठली? तिने नुसते बिऱ्हाड बदलले.

आता खरेदीचे पाहू. डिस्कच्या दोन जाती. एकीत तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला ५४०० फेरे, आणि वाचणारे डोके केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी उंचीवर तरंगते. ती चालू असता पडली की काय होते, ते आम्ही पाहिले आहे. दुसरी एसएसडी, तीत हलणारे काहीच नाही. वेगवान, धक्का सोसणारी, पण तेवढ्याच जागेला महाग. शिवाय वर्षानुवर्षे विजेवाचून पडली तर लिहिलेले विसरू शकते. पिशवीतून न्यायची असेल तर एसएसडी घ्यावी. कपाटात ठेवायची असेल तर फिरती पुरे. संगणकातल्या मजकुराच्या दुप्पट जागा घ्यावी. एक टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ दाखवते, त्यात मापात पाप नाही. कारखानदार हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. मात्र अगदीच स्वस्तात अवाढव्य जागा मिळत असेल तर हात आखडावा; खोटा आकडा दाखवणाऱ्या डिस्क बाजारात आहेत.

जोडताना फॉरमॅट विचारील. नुसते विंडोज असेल तर एनटीएफएस, मॅकवरही लिहायचे असेल तर एक्सफॅट. फॉरमॅटने आतले सारे जाते, म्हणून हे आधीच उरकावे. मग प्रत करावी आणि तिच्यातल्या चारदोन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. हे कुणी करीत नाही. आम्हीही केले नव्हते. काम झाले की ‘इजेक्ट’ करूनच वायर काढावी आणि डिस्क दूर ठेवावी. जोडलेलीच राहिली, तर खंडणीखोर व्हायरस संगणकाबरोबर तिलाही कुलूप घालतो.

आता आमच्याकडे दोन डिस्क आहेत. एक कचेरीत, दुसरी कोषाध्यक्षांच्या घरी. मासिक सभेच्या दिवशी अदलाबदल होते. मावशींचा दावा जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षींवर उभा केला आहे. तो अजून निकाली निघालेला नाही.