उशिरा काढलेला फोटो

नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी होते आणि साधा खोकलाही नसलेल्या माणसाच्या एक्स-रेत हृदयाच्या कडेला गोलसर सावली दिसते. त्या दिवशी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. अशा सावलीची कारणं अनेक. त्यांतलं एक दुर्मीळ कारण म्हणजे हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांचीच बनलेली गाठ. ही रक्ताची गुठळी नव्हे आणि कॅन्सरही नव्हे. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत होणाऱ्या गाठींमध्ये शंभरात एकही हिची नसते.

नुसत्या एक्स-रेवर ती ओळखू येत नाही. गाठीत साकळलेल्या रक्तात चुना साचून बारीक गोल खडे झाले असतील तर संशय बळावतो. पण असे खडे दहातल्या एखाद्याच रुग्णात सापडतात.

मग सीटी स्कॅन. हाताच्या शिरेतून औषध सोडतात आणि काही सेकंदांतच फोटो घेतात. तेव्हा ही गाठ ठिगळठिगळ दिसते, कधी जवळजवळ कोरडीच. कारण तिच्यातल्या सैल, रुंद पोकळ्यांतून रक्त रेंगाळत जातं. पाटाचं पाणी सोडल्यावर लांबचा वाफा उशिरा भिजतो ना, तसंच. काही मिनिटांनी पुन्हा फोटो घेतला तर तोच भाग औषधाने भरत आलेला दिसतो. हा उशिराचा फोटो घाईत राहून जातो, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. एमआरआयच्या ठरावीक चित्रांत ही गाठ पाण्यासारखी लख्ख उजळते.

हा खटाटोप सुई घालण्याआधी करायचा. सुईने रक्तस्राव होऊ शकतो, आणि हाती नुसतं रक्तच येऊन निदान तसंच राहतं. अर्थात काही घातक गाठीही अशाच दिसतात. शंका उरली किंवा गाठ श्वासनलिकेवर दाबू लागली तर शस्त्रक्रिया करावीच लागते.

नावांनीही फसू नका. 1956 साली फुप्फुसातल्या एका गाठीला ‘स्क्लेरोझिंग हिमँजिओमा’ म्हटलं गेलं. पुढे कळलं, ती रक्तवाहिन्यांची नाहीच, फुप्फुसाच्या अस्तराच्या पेशींची आहे. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिचं नाव बदललं.

आता एक विनंती. छातीचा जुना एक्स-रे माळ्यावर पडला असेल तर स्कॅनला येताना तो सोबत आणा. हीच सावली दहा वर्षांपूर्वीही एवढीच होती, हे आम्हाला त्यावरूनच कळतं.